डबा वगळून

प्रश्न तिसरा, अ.
गरीब रंगभूमी म्हणजे काय? सोदाहरण स्पष्ट करा.
मी लिहिलं : पडदा नको, दिवे नकोत, रंगभूषा नको,
एक नट पुरे, एक बघणारा पुरे, मधे थोडी जागा.
उदाहरणाची ओळ कोरी ठेवली
आणि पुरवणी मागितली, उगाच.

उदाहरण जेल रोडला राहतं, दोन खोल्यांत.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात.
नाव दौलत, आडनाव पगारे.
प्रवेशाच्या मुलाखतीत चांदवडकर मॅडमना वाटलेलं
मी विनोद करतेय.

मॅडम सांगतात, तो पोलंडचा माणूस नटाला शिकवायचा नाही,
काढून टाकायचा फक्त.
सवय काढ, लाज काढ, आवाजावरचं घरचं झाकण काढ.
हुजेफानं विचारलं, मग शेवटी उरतं काय?
मॅडम म्हणाल्या, त्याचंच तर तिकीट असतं.

तो जर्मन म्हणायचा, प्रेक्षकाला रंगू देऊ नका,
मधेच थांबा, सांगा की हे नाटक आहे.
हे मला लगेच कळलं.
आई भांडता भांडता थांबते,
दूध बघ गं म्हणते, गॅस स्वतःच बारीक करते,
आणि सोडलेल्या शब्दापासून पुढे सुरू.

तो किंचाळणारा फ्रेंच मात्र अजून कळलेला नाही.
परीक्षेपुरता पाठ केलाय.

मग प्रात्यक्षिक आलं :
घरातल्या एका शरीराचं निरीक्षण करा. बोलणं वगळून.

आप्पा कामावरून येतात.
उंबऱ्याबाहेर उभे राहतात.
हात खांद्यापर्यंत वर, बोटं उघडी,
पाय जरासे फाकलेले,
नजर समोर, कुणाच्याच डोळ्यांत नाही.
दीड श्वास.
मग हात खाली येतात आणि आप्पा घरात येतात.

वीस वर्षं मला वाटायचं, अंग मोडतात.
गेटवरची झडती ती.
नोटांच्या त्या डोंगरातून
आप्पांनी बाहेर आणलेली एवढीच गोष्ट,
रोज, पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत.

तीन आठवडे तालीम केली.
हुजेफा पहारेकरी व्हायचा, गुदगुल्या करायचा, मार खायचा.
वहीत नोंद आहे : भीती बोटांत नाही. कोपरात आहे.

गोदाघाटावर, दुतोंड्या मारुतीच्या बाजूला,
बुधवारचा बाजार उठल्यावर सादर केलं.
एक तोंड नदीच्या येण्याकडे, एक जाण्याकडे,
असा नट वर्गात कुणालाच जमलेला नाही.
परीक्षक पायरीवर रुमाल टाकून बसले.
अकरा वर्गमित्र, उरलेल्या मेथीच्या जुड्या,
आणि मागे, पहिली पाळी संपवून थेट आलेले आप्पा.

मी चालत आले, थांबले, हात वर केले.
परत गेले, परत आले.
कितव्यांदा तरी मेथीवाली बाई ओरडली,
पोरी, हरवलंय काय तुझं?
परीक्षकांनी काहीतरी लिहिलं.
पन्नासपैकी सदतीस मिळाले, त्यात ती बाई किती, माहीत नाही.

रिक्षात द्वारकेपर्यंत आप्पा गप्प.
सिग्नलला म्हणाले,
डावा आधी.
उजव्यात डबा असतो.
तो खाली ठेवला की मग उजवा.

प्रॉप नको म्हणून डबा मी वगळला होता.

त्या दिवशी उंबऱ्याबाहेर आप्पा उभे राहिले
आणि हात निघेनात.
माझ्याकडे पाहिलं, जरा हसले,
चप्पल काढून सरळ आत.

आता पुन्हा करतात रोज.
डबा खाली, डावा, उजवा, दीड श्वास.
अगदी बरोबर करतात.
पण मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला ओळखू येतं :
मी स्वयंपाकघरातून बघतेय
हे कोपराला माहीत असतं.